कुलूप बदलले, जुन्या किल्ल्यांचे काय?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १० मे २०२२ रोजी आपल्या विंडोज सर्व्हर प्रणालीतील एक गंभीर दोष दूर करणारी दुरुस्ती प्रसृत केली. हा दोष मोठ्या संस्थांच्या अंतर्गत संगणकजाळ्यात डिजिटल प्रमाणपत्रे देणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सेवेत होता. दुरुस्ती बसवण्याचे काम एका रात्रीत उरकण्याजोगे होते. परंतु जिच्यावर या दुरुस्तीचा सारा भर होता, ती कडक तपासणी कोणतीही सवलत न ठेवता सर्वत्र लागू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. एक दोष, एक दुरुस्ती आणि तिच्या पूर्ततेला तीन वर्षे चार महिने! या विलंबाचे खापर एका कंपनीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. प्रमाणपत्रे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती ही वरकरणी तंत्रज्ञांची बाब दिसते. वस्तुतः खर्च कोणी सोसायचा आणि जोखीम कोणाच्या माथी मारायची, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

शिक्का खरा, दाखला खोटा

महाविद्यालयाच्या कार्यालयातून बोनाफाईड दाखला ज्यांनी घेतला किंवा दिला आहे, त्यांना डिजिटल प्रमाणपत्राची कल्पना अवघड वाटू नये. अमुक व्यक्ती आपण जी आहोत म्हणून सांगते तीच ती आहे, असे एखाद्या विश्वासार्ह तिसऱ्या संस्थेने सही-शिक्क्यानिशी सांगणे, म्हणजे प्रमाणपत्र. संगणकाच्या जगात ही सही गणिती असते आणि तिची तपासणी दुसरा संगणक क्षणार्धात करतो. बँकेचे पान उघडल्यावर दिसणारे पान खरोखर त्या बँकेचेच आहे, ही खात्री ब्राउझर अशाच प्रमाणपत्रावरून करून घेतो. निविदा भरणाऱ्या ठेकेदाराची डिजिटल स्वाक्षरी किंवा शेतकऱ्याच्या हाती पडणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा यांचीही भिस्त याच व्यवस्थेवर असते. मोठ्या संस्थेत तर कर्मचाऱ्यांना आणि यंत्रांना मिळून हजारो प्रमाणपत्रे द्यावी लागतात. ती देणे, मुदतीपूर्वी नवी करणे, गरज पडल्यास रद्द करणे आणि या सर्वांची नोंद ठेवणे, एवढी कामे प्रमाणपत्र-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर करीत असते.

साध्या सॉफ्टवेअरमधील दोष आणि या सॉफ्टवेअरमधील दोष यांत एक मूलभूत अंतर आहे. भिंतीला पडलेले भगदाड बुजवले की पुढची वाट बंद होते. परंतु दाखले देणाऱ्या खिडकीवर वर्षभर गैरप्रकार चालला असेल, तर खिडकीवरची शिस्त सुधारल्याने वर्षभरात बाहेर गेलेले दाखले परत येत नाहीत. शिक्का अस्सल, सही अस्सल, फक्त आतला मजकूर खोटा, असे ते दाखले बाहेर सुखेनैव फिरत राहतात. अमेरिकेतील स्पेक्टरऑप्स या संस्थेच्या दोन संशोधकांनी जून २०२१ मध्ये विंडोजच्या याच सेवेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ही गोष्ट ठळकपणे दाखवली होती, की चोराच्या हाती एकदा प्रमाणपत्र लागले की संबंधित कर्मचाऱ्याने आपला पासवर्ड बदलला तरी ते बाद होत नाही. त्याची मुदत संपेपर्यंत किंवा ते मुद्दाम रद्द करेपर्यंत ते चालू राहते.

म्हणून येथे दुरुस्तीचे दोन भाग पडतात. दोष बंद करणे हा पहिला भाग, आणि दोषाच्या काळात दिलेली प्रमाणपत्रे तपासून संशयास्पद तेवढी रद्द करणे हा दुसरा. पहिल्या भागाचे श्रेय घ्यायला सर्वजण पुढे असतात. दुसरा भाग किचकट, खर्चिक आणि लोकांची नाराजी ओढवणारा असल्यामुळे नेमका तोच रेंगाळतो.

नाव एक, धारक दोन

२०२२ चा दोष ऑलिव्हर लायक या संशोधकाने शोधून काढला. त्याचे स्वरूप हजेरीपटाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असू शकतात. म्हणून परीक्षेत नावापेक्षा आसनक्रमांकाला महत्त्व असते. विंडोजच्या जाळ्यातही प्रत्येक खात्याला असा एकमेव ओळखक्रमांक असतो. परंतु प्रमाणपत्रावर तो क्रमांक लिहिलाच जात नसे. यंत्राचे प्रमाणपत्र नुसत्या नावाने दिले जाई. मूळ मांडणीनुसार सामान्य कर्मचाऱ्यालाही दहापर्यंत नव्या यंत्रांची खाती जाळ्यात नोंदवण्याची मुभा होती. अशा एखाद्या नव्या यंत्राच्या नावाच्या रकान्यात जाळ्याच्या मुख्य सर्व्हरचे नाव घालून प्रमाणपत्र मागितले, तर प्रमाणपत्र-सेवा निमूटपणे ते देत असे. त्या नावाचे दुसरे कोणी आहे काय, याची चौकशी होत नव्हती. परिणामी कालच रुजू झालेल्या कारकुनाच्या हाती साऱ्या कचेरीच्या किल्ल्या जाण्याची सोय झाली होती.

उपाय तसा सरळ होता. यापुढच्या प्रमाणपत्रावर ओळखक्रमांक नोंदवायचा आणि तपासणाऱ्या सर्व्हरने तो पाहिल्यावाचून कोणाला आत सोडायचे नाही. पण मग त्यापूर्वी दिलेल्या, क्रमांक नसलेल्या असंख्य प्रमाणपत्रांचे काय करायचे? ती तत्काळ अमान्य करावीत, तर त्यांच्या आधारावर चालणारी बिनतारी जाळी, दूरस्थ कामाच्या जोडण्या, कर्मचाऱ्यांची प्रवेशपत्रे एकाच सकाळी ठप्प झाली असती. ती मान्य करीत राहावीत, तर दुरुस्तीला अर्थ उरत नव्हता. मायक्रोसॉफ्टने मधला मार्ग काढला. सवलतीच्या काळात जुने प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला बहुतेक वेळा आत सोडायचे, पण नोंदवहीत तसा शेरा मारायचा. कार्यालयांनी ते शेरे वाचून आपली जुनी प्रमाणपत्रे बदलून घ्यावीत, अशी अपेक्षा होती.

एवढी सावधगिरी घेऊनही पहिल्याच आठवड्यात काही ठिकाणी मुख्य सर्व्हरवर ओळख पटण्याचे व्यवहार अडू लागले. अमेरिकी शासनाच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्याच मासिक दुरुस्तीतील एका वेगळ्या दोषासाठी सरकारी खात्यांना सक्तीची मुदत घातली होती. या अडचणीमुळे तिला तो दोष आपल्या यादीतून तात्पुरता काढून घ्यावा लागला. मायक्रोसॉफ्टने १९ मे रोजी दुरुस्तीची दुरुस्ती धाडली. पुढे कडक तपासणीची तारीख मे २०२३ वरून नोव्हेंबर २०२३ वर गेली आणि तेथून फेब्रुवारी २०२५ वर. त्या महिन्यात ती सुरू झाल्यावरही अडचण सांगणाऱ्यांना मागे फिरण्याची वाट ठेवण्यात आली होती. ती सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. मुदतवाढ मागणाऱ्या संस्थांची अडचण सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येणार नाही. परंतु नोंदवहीतले शेरे वाचायला ज्यांनी माणूसच नेमला नव्हता, त्यांना आणखी दहा वर्षे दिली असती तरी ती अपुरीच पडली असती.

तीन संस्था, तीन वर्तने

संस्थेच्या आतल्या जाळ्यात जे घडते, तेच मोठ्या प्रमाणावर सर्व जगाला प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांच्या बाबतीत घडते. गेल्या काही वर्षांतील तीन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे दुरुस्तीच्या दुसऱ्या भागाकडे पाहण्याच्या तीन वृत्ती दिसून येतात.

पहिले प्रकरण नेदरलँड्समधील डिजिनोटार या कंपनीचे. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्या यंत्रणेत शिरलेल्या घुसखोराने किमान ५३१ बनावट प्रमाणपत्रे काढली. त्यांत गूगलच्या नावाचेही एक होते. नंतरच्या चौकशीत आढळले, की कंपनीच्या बाहेरून दिसणाऱ्या सर्व्हरांवरील सॉफ्टवेअर जुनाट आणि दुरुस्त्या न बसवलेले होते. कंपनीला जुलैमध्ये घुसखोरीचा सुगावा लागला. तिला जी बनावट प्रमाणपत्रे सापडली ती तिने रद्द केली आणि तोंड मिटून घेतले. न सापडलेल्या प्रमाणपत्रांच्या आधारे इराणमधील हजारो लोकांच्या पत्रव्यवहारावर दरम्यान पाळत ठेवली जात होती. ऑगस्टअखेरीस इराणमधल्याच एका वापरकर्त्याच्या तक्रारीतून हे बिंग फुटले. ब्राउझर कंपन्यांनी डिजिनोटारवरचा विश्वास काढून घेतला आणि २० सप्टेंबर २०११ रोजी तिचे दिवाळे वाजले. डच शासनाच्या अनेक सेवा याच कंपनीच्या प्रमाणपत्रांवर चालत असल्यामुळे शासनाला तिचा कारभार हाती घ्यावा लागला.

दुसरे प्रकरण विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे. एखाद्या नावासाठी प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने द्यावे, हे नावाच्या मालकाला आधी जाहीर करून ठेवता येते. ती नोंद पुन्हा तपासण्याच्या प्रसंगी या संस्थेचे सॉफ्टवेअर अर्जातील दहा नावे एकेकदा पाहण्याऐवजी त्यांतले एकच नाव दहा वेळा पाहत होते. हा प्रमाद २९ फेब्रुवारी २०२० रोजी उघडकीस आला आणि काही तासांतच दूर झाला. पण त्या दोषाखाली दिलेली ३० लाख ४८ हजारांहून अधिक प्रमाणपत्रे चालू होती. नियम सांगत होता, सर्व रद्द करा. संस्थेने मुदतीपर्यंत सुमारे १७ लाख रद्द केली. उरलेली एकदम रद्द केल्यास असंख्य संकेतस्थळे बंद पडून लोकांचा गोंधळ उडेल, असे कारण देऊन तिने ती तशीच राहू दिली. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतो. पण तो आकड्यांसह उघडपणे सांगितला गेला. शिवाय या संस्थेची प्रमाणपत्रे नव्वद दिवसांचीच असल्यामुळे उरलेली जोखीम आपोआप संपणार होती.

तिसरे प्रकरण डिजिसर्ट कंपनीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने आपल्या यंत्रणेची फेरमांडणी केली. तेव्हापासून नावाची मालकी तपासण्याच्या एका पद्धतीत आरंभी लागणारे अधोरेषेचे चिन्ह काही अर्जांत जोडलेच जात नव्हते. चूक दिसायला क्षुल्लक, पण तपासणी नियमबाह्य ठरली. आणि नियमाप्रमाणे अशी प्रमाणपत्रे चोवीस तासांत रद्द करावी लागतात. जुलै २०२४ च्या अखेरीस कंपनीने ८३ हजार २६७ प्रमाणपत्रे रद्द होणार असल्याचे कळवले. लगेच एका ग्राहक कंपनीने न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. अत्यावश्यक सेवा चालवणाऱ्यांनीही अडचणी मांडल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत लांबली. पाच वर्षे ज्या चुकीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, ती निस्तरायला एक दिवस अपुरा पडला!

या तिन्ही ठिकाणी दोष बंद करणे हा भाग तुलनेने सोपा ठरला. खरी परीक्षा झाली ती जे बाहेर गेले होते त्याचे काय करायचे, या प्रश्नावर.

आपल्याकडचा अनुभव

हा सारा परदेशातला प्रकार आहे असे समजण्याचे कारण नाही. जुलै २०१४ मध्ये भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगल आणि याहू यांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नेमलेल्या नियंत्रकाच्या अधिकाराखाली ही यंत्रणा चालत असे. नियंत्रक कार्यालयाने त्या यंत्रणेची संबंधित प्रमाणपत्रे तत्परतेने रद्द केली. किती बनावट प्रमाणपत्रे निघाली याबाबत कार्यालयाने चार हा आकडा दिला. त्यापलीकडचीही आपल्याला ठाऊक आहेत, असे गूगलने जाहीर केले. अखेर गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये भारतीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास सात ठराविक क्षेत्रनामांपुरता मर्यादित केला. ज्या संस्थांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, पण ज्या त्याच नियंत्रकाच्या छत्राखाली होत्या, त्यांनाही ही मर्यादा लागू झाली. विश्वास हे सामायिक भांडवल असते. एकाने ते उधळले की भागीदारांचेही खाते रिते होते.

लाभ एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा

येथे अर्थशास्त्रातील बाह्य परिणामांचा सिद्धांत लागू पडतो. कारखान्याने नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. तो खालच्या गावांना सोसावा लागतो. प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेचेही तसेच आहे. जुनी प्रमाणपत्रे बदलण्याचा खर्च आज, रोख आणि संस्थेच्याच तिजोरीतून होतो. ती न बदलल्याने होणारी हानी अनिश्चित असते, उद्यावर पडलेली असते आणि बहुधा तिऱ्हाइताची असते. डिजिनोटारचे दिवाळे निघाले खरे; पण ज्यांची पत्रे वाचली गेली त्या इराणी नागरिकांनी त्या कंपनीचे नावही कधी ऐकले नसेल. अशा स्थितीत दुरुस्ती लांबवणे ही व्यवस्थापकाची निष्काळजी म्हणून सोडून देता येत नाही. व्यवहाराची घडीच अशी आहे, की त्याला तेच फायद्याचे वाटते.

देखभालीवरील खर्च हा अंदाजपत्रकात नेहमीच पोरका असतो. नव्या संगणककक्षाचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. जुनी प्रमाणपत्रे वेळेवर बदलली म्हणून कोणाचा सत्कार झालेला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. जाळ्यातील रहदारी तपासणाऱ्या तिच्या उपकरणावरचे प्रमाणपत्र मुदत उलटून अनेक महिने तसेच पडून होते. त्यामुळे ७६ दिवस चोरी चालू असताना पहारेकरी जणू डोळ्यांवर पट्टी बांधून उभा होता. २९ जुलै रोजी प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद वाहतूक दिसू लागली. पुढे २०१९ च्या तडजोडीत कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. वेळेवर केलेल्या नूतनीकरणाचा खर्च या रकमेपुढे किती नगण्य ठरला असता, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

अर्थात दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. प्रमाणपत्र एकाएकी निकामी झाल्यानेही समाजाचे नुकसान होते. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओ-टू कंपनीच्या लक्षावधी ग्राहकांची मोबाइल सेवा कोलमडली. तेव्हा 'रद्द करा आणि परिणामांना तोंड द्या' हा कठोरपणा रुग्णालयाच्या किंवा वीजकेंद्राच्या दारात उभे राहून सांगता येत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष रद्द करणे टाळावे असा नसून, रद्द करणे सोसवेल अशी तयारी आधीच ठेवावी, असा आहे. आग लागल्यावर विहीर खणायला घेणाऱ्याला मुदतवाढ देऊन घर वाचत नसते.

तयारी कोणती?

पहिली गोष्ट नोंदवहीची. आपल्या संस्थेत किती प्रमाणपत्रे आहेत, ती कोणत्या यंत्रावर आहेत, कोणी मागितली व केव्हा संपणार, हे ज्या संस्थेला एका दिवसात सांगता येत नाही तिने दुरुस्तीच्या गप्पा मारू नयेत. जडवस्तूंच्या नोंदवहीत खुर्च्या-टेबलांवर क्रमांक घालणाऱ्या आपल्या कार्यालयांना ही शिस्त अपरिचित नाही. तिची व्याप्ती वाढवायची आहे, एवढेच. दुसरी गोष्ट अधिकाराची. कोण कोणाच्या नावाने प्रमाणपत्र मागू शकतो, हे आखून दिले पाहिजे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या सर्व्हरला मुख्य सर्व्हरइतकाच कडक पहारा दिला पाहिजे. तिसरी गोष्ट सरावाची. वर्षातून एकदा तरी निवडक प्रमाणपत्रे मुद्दाम रद्द करून नवी बसवून पाहावीत, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगी हातपाय गळणार नाहीत.

चौथी आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे मुदतच कमी ठेवणे. प्रमाणपत्र जितके अल्पजीवी तितके चुकीचे आयुष्यही लहान. प्रमाणपत्र-संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामायिक मंचाने एप्रिल २०२५ मध्ये हाच मार्ग स्वीकारला. सार्वजनिक संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस, असे टप्पे त्याने ठरवून दिले. दर दीड महिन्याला हाताने प्रमाणपत्रे बदलणे कोणालाच परवडणार नाही. ते काम यंत्राकडेच सोपवावे लागेल. मोठ्या बँकेला ते जमेल. तालुक्याच्या गावातील पतसंस्थेला किंवा अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाला जमेल काय? येथे शासनाने आणि विद्यापीठांनी सामायिक सेवा उभी करून लहान संस्थांना हात दिला पाहिजे. एरवी सुरक्षिततेचा नियम त्यांच्या दृष्टीने केवळ नवा भुर्दंड ठरेल.

शेवटची गोष्ट प्रकटनाची. भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण त्याचा रोख घटना कळवण्यावर आहे. दोष कळल्यानंतर त्याच्या काळातली किती प्रमाणपत्रे बाहेर होती, किती रद्द झाली, किती शिल्लक ठेवली आणि का, हे चार आकडे प्रत्येक संस्थेने आपल्या ग्राहकांना व नियामकाला सांगितलेच पाहिजेत. लेट्स एन्क्रिप्टने आपली अपुरी दुरुस्ती आकड्यांसह सांगितली आणि ती टिकली. डिजिनोटारने आपली अपुरी दुरुस्ती लपवली आणि ती बुडाली.

'दुरुस्ती बसवली' एवढ्या दोन शब्दांच्या पत्रकावर समाधान मानण्याची सवय ग्राहकांनी, लेखापरीक्षकांनी आणि नियामकांनी आता सोडली पाहिजे. कुलूप बदलल्याचे सांगणाऱ्याला 'जुन्या किल्ल्या किती होत्या आणि त्या आज कोणाकडे आहेत?' असे विचारणे हा घरमालकाचा हक्क असतो. ज्यांची बचत, ज्यांचे गुणपत्रक आणि ज्यांचा सातबारा या कुलपाआड ठेवलेला आहे, ते नागरिकच या घराचे मालक आहेत.